पुंडलिकरावांचा मऊ उजेड

आमचे शेजारी पुंडलिकराव इंगोले यांनी माझ्याकडे खाण्यासाठी म्हणून कधी पापड मागितला नाही. मागितला तो उजेडात धरून पाहण्यासाठी.

होळी झाली की मी उडदाचे पापड घालते. कोणत्या पिठाचे, किती लाटले, किती फुटले, सगळं टिपून ठेवते. शाळेत मुलींना शिवण शिकवायचं, घरचं पाहायचं, नात्यातल्या लग्नांची कोठी सांभाळायची. टिपून ठेवलं की डोकं मोकळं राहतं. तर अशीच एका सकाळी गच्चीवर पापड उलटायला गेले, तर खाटेपाशी पुंडलिकराव उभे. अमरावतीत अंबागेटच्या आत आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून होती. दोन गच्च्यांच्या मधे गुडघ्याएवढा कठडा. तो ओलांडून येणं हे पुंडलिकरावांच्या हिशेबी 'येणं' नव्हतंच.

त्यांच्या एका हातात माझा पापड होता. तो त्यांनी सूर्यासमोर धरला होता आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्यामागे नाचवत होते.

"वयनी, याच्यातून बोटं दिसून राहिले!"

पातळ लाटलेल्या पापडाची आमच्याकडे हीच परीक्षा. मी मनातून खूश झाले. "दिसणारच. माझ्या हातचे आहेत."

"पन नखं नाही दिसत," ते म्हणाले. "हेच पाह्यजे होतं मले. बोट दिसलं पाह्यजे, नख टोचलं नाही पाह्यजे. दोन नेऊ?"

"चार न्या की. तळा, नाहीतर निखाऱ्यावर भाजा."

पुंडलिकरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवघरातली समई विकायला सांगितली होती. "खाचे हायेत काय हे?" असं म्हणून पापड छातीशी धरून ते कठड्यावरून गेले.

आता हे गृहस्थ कोण ते सांगते.

पुंडलिकराव टपाल कचेरीत सॉर्टर होते. वय पंचेचाळिशीकडे झुकलेलं. लग्न केलेलं नाही, स्वयंपाक हाताने, कपडे परीटघडीचे. चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे वण होते, चांगले खोल. पण आम्हा शेजाऱ्यांना ते आठवतसुद्धा नसत, कारण त्या चेहऱ्यापुढे बहुतेक वेळ कॅमेरा असे. पगारातून साठवून त्यांनी तो नागपूरहून आणला होता. मुठीत मावेल एवढा. त्याच्या बाजूला खुंटीसारखी फ्लॅशगन, तिला एक चकचकीत वाटी आणि वाटीत लिंबाएवढा काचेचा बल्ब. एक बल्ब एकदाच पेटे. 'फट्ट' असा आवाज होई, पाळण्यातली पोरं किंचाळत, आणि पुढची दोन मिनिटं सगळ्या मंडळींना एकमेकांच्या जागी हिरवे गोळे दिसत.

फोटो निघत ते मात्र पाहण्यासारखे. माणसं चुन्यात बुडवून काढल्यासारखी पांढरी, कपाळावर तेल चमकतंय, मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली, आणि डोळे मिटलेले. आमच्या गल्लीतल्या एका बारशाचा त्यांनी काढलेला फोटो माझ्याकडे आहे. त्यात पाळण्यातलं बाळ तेवढं जागं आहे. बाकी सगळी मंडळी झोपेत बारशाला आल्यासारखी दिसतात.

विझलेले बल्ब ते टाकून देत नसत. खोलीत फळीवर ओळीने मांडलेले असत, फुगून पांढुरके झालेले. "हा काळे मास्तराच्या मुंजीचा. हा तुमच्या हळदीकुंकवाचा." एकदा झाडता झाडता मोलकरणीने एक फोडला, तर म्हणाले, "गेलं बाप्पा, बोबडेबाईचं डोहाळजेवन!"

उजेड हा त्यांचा ध्यास. माणसांची वर्गवारीसुद्धा ते उजेडावरून करत. आमचे घरमालक म्हणजे मे महिन्यातली दुपार. त्यांचे साहेब म्हणजे बॅटरी, "जिथं पाहिलं तिथंच पाहून राह्यले, बाजूचं दिसतच नाही." आमच्या ह्यांना ते आभाळ आलेला दिवस म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी एकदा हौसेनं विचारलं, "आणि मी हो?"

"तुमी सकाळचे नऊ," ते ताबडतोब म्हणाले. "सगळं सोच्छ दिसते. पन मानसाले आराम नाही."

कचेरीतही त्यांची अशीच एक तऱ्हा होती. पाकिटात मुलीचा फोटो असला तर त्यांना बोटांना कळे. "साधं पाकीट वाकते. फोटोवालं अकडते, पहिल्यांदा पाहुन्यायसमोर आल्यावानी." अशा पाकिटावर ते शिक्का ठोकत नसत, कोपऱ्यावर हलकेच टेकवत. "आत पोरीचं तोंड असते, वयनी. त्याच्यावर कायले मारा लागते?" दर्यापूरला गेलेलं, अकोल्याला गेलेलं, आणि महिन्याभराने उलट पावली आलेलं, सगळंच त्यांच्या हातून जाई. परत आलेलं पाकीटही म्हणे त्यांना हातात धरल्याबरोबर समजे.

"माझा बी एक फोटो गेला होता, अंजनगावले," असं एकदा त्यांनी आमच्या ओसरीवर चहा पिता पिता सांगितलं. "मंग परत आला. एकटाच आला."

आम्ही सगळे खो खो हसलो. तेही हसले. त्यांचं सांगणंच असं असे.

एवढे फोटो काढले, पण पुंडलिकराव स्वतः एकाही फोटोत नाहीत. कोणी म्हणालं, "पुंडलिकराव, तुम्ही पण या की," तर उत्तर ठरलेलं: "मंग खटका कोन दाबन? तुमचा मामा?" आणि लगेच पुढचा हुकूम: "हलू नोका. गाल सोडा, गाल!"

त्या वर्षी आमच्याकडे सुमती राहत होती. माझ्या दर्यापूरच्या मोठ्या दिरांची मुलगी. मास्तरकीचा अभ्यासक्रम पुरा करायला आली होती. हुशार, कामाला चटपटीत, बोलायला त्याहून. तिलाही लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या. दोन्ही गालांवर वण होते. तिचं लग्न जमवायची जबाबदारी दिरांनी माझ्यावर टाकली होती, 'तू व्यवस्थित आहेस' असं म्हणून. असं म्हणून माणसं काय काय टाकतात!

पहिला फोटो आम्ही स्टुडिओत काढला. स्टुडिओवाल्याने पेन्सिल फिरवून फिरवून सुमतीचे गाल लोण्यासारखे करून टाकले. फोटो यवतमाळकडे गेला, पसंत पडला, मंडळी मुलगी पाहायला आली. शेजारचे म्हणून पुंडलिकरावही बैठकीत बसले होते. सुमती पोहे घेऊन आली. मुलाच्या आईने पिशवीतून फोटो काढला. फोटोकडे पाहिलं, सुमतीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"मंग ही फोटोतली कोन म्हनाची?" बाईंनी विचारलं.

सुमतीने ताट खाली ठेवलं. "तीही मीच," ती म्हणाली. "पेन्सिल सोडून."

मंडळी पोहे खाऊन गेली. पत्र आलं नाही.

त्यानंतर सुमतीने सांगून टाकलं की ती आता फोटो काढणार नाही. आणि नेमकं तेव्हाच अकोल्याच्या माझ्या मावसबहिणीने, कुसुमने, एक चांगलं स्थळ सुचवलं. मुलगा हायस्कुलात गणित शिकवणारा, घरी आई, एक बहीण दिलेली. पण आधी फोटो पाठवा, मग येऊ, असा त्यांचा निरोप. तेव्हा सगळीकडे हीच रीत होती.

"पाठवायचा तर माझा पाठवा, काकू," सुमती म्हणाली. "त्या स्टुडिओतलीचा नको. तिचं लग्न झालं तर नांदायला मला जावं लागेल."

"मग पुंडलिककाकांकडून काढू."

"त्यांनी काढलेला संक्रांतीचा पाहिला नाही का?"

पाहिला होता. बाजूने आलेल्या त्या झोताने तिच्या एकेका वणाला स्वतःची सावली पडली होती. म्हणजे स्टुडिओत गाल खोटे, आणि पुंडलिकरावांकडे खऱ्यापेक्षा जास्त खरे. मधलं काही मिळत नव्हतं, आणि ते मिळेपर्यंत अकोल्याचं स्थळ थांबणार नव्हतं.

हे बोलणं आमच्या गच्चीवर चाललं होतं. पुंडलिकराव कठड्यापलीकडे कपडे वाळत घालत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांना भूत लागलं.

"वन लपवाचे नाही," ते मला म्हणाले, "अन् वनावर धावून बी जायचं नाही. उजेड मऊ पाह्यजे. बल्बाच्या तोंडावर काहीतरी बांधा लागते."

काय काय बांधलं! पेढ्याच्या दुकानातला तुपकट कागद बांधला. त्याचा तूपवास खोलीभर झाला. स्वतःचा बनियन बांधला. उजेडच बाहेर येईना. माझी पिठाची चाळणी नेली; तिने भिंतीवर सगळीकडे देवी काढल्या. घरमालकांच्या जिन्यातली दुधी काचेची हंडी एका संध्याकाळी नाहीशी झाली आणि दुसऱ्या संध्याकाळी, मे महिन्यातली दुपार तापल्यावर, परत जाग्यावर आली.

बल्ब महाग, आणि एकदाच चालणारा. प्रयोगात जाळायला परवडत नव्हता. म्हणून सगळे प्रयोग बॅटरीच्या उजेडात चालत. आणि चेहरा म्हणून त्यांनी काय घेतलं होतं, हे मला एकदा डाळीची वाटी द्यायला गेले तेव्हा कळलं. दार लोटलेलं, खोलीत अंधार. तांब्याच्या तोंडावर एक संत्रं बसवलेलं, त्याच्या डोक्यावरून हातरुमालाचा पदर घेतलेला, आणि पुंडलिकराव समोर उकिडवे बसून त्याला सांगताहेत, "गाल सोडा. असं नाही. गाल सोडा."

"पुंडलिकराव!"

"संत्र्याच्या सालीले खड्डे असतात, वयनी," ते मागे न पाहता म्हणाले. "हे खड्डे दिसले पाह्यजे, पन कोनी बोट दाखवल्यावानी नाही."

मग त्यांनी बॅटरीपुढे माझा पापड धरला. आणि खरं सांगते, ते संत्रं एकदम देखणं दिसायला लागलं.

"तुमच्या पापडाचा पिवळा रंग बी चांगला," ते म्हणाले. "पोरीले हळद लागल्यावानी दिसते."

"फोटो काळापांढरा निघतो ना तुमचा?"

"मले तं दिसते नं!"

पापड ठरला. पहिला खरा वापर अकोल्यालाच व्हायचा होता. कुसुमच्या मुलीचं लग्न होतं. कोठी माझ्याकडे आणि फोटो पुंडलिकरावांकडे. बडनेऱ्याहून गाडीत बसल्यापासून त्यांनी पापडाचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. मूर्तिजापूरला एका बाईने लेकराला जागा द्या म्हटलं, तर लेकराला मांडीवर घेतलं आणि डबा डोक्यावर.

मुहूर्त गोरजाचा होता. मांडवात पेट्रोमॅक्स लागले, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी मागे कोठीत होते. पत्रावळी मांडून झाल्या होत्या; वरण उतरलं होतं, भात व्हायचा होता. सगळं माझ्या यादीप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात मांडवातून 'फट्ट' ऐकू आलं. आणि त्यामागून एक वास.

पुंडलिकरावांनी आठवडेच्या आठवडे प्रयोग केले ते बॅटरीवर. बॅटरी तापत नाही, आणि बल्ब पेटला की निखारा असतो, हे त्यांच्या लक्षात यायला कारणच नव्हतं. तारेच्या कडीत बसवलेला माझा उडदाचा पापड, हिंगाचा, मिऱ्याचा, त्या वाटीच्या तोंडावर बल्बाला टेकून बसलेला, एका क्षणात फोडफोड भाजून निघाला.

आता लग्नाच्या मांडवात, दिवे लागायच्या वेळी, सकाळपासून प्रवास करून आलेल्या मंडळींना पापड भाजल्याचा वास आला, तर त्यांनी काय समजावं? नवरदेवाचे फेटेवाले मामा मागच्या रांगेतून मोठ्याने म्हणाले, "पापड भाजले रे! पंगत बसली वाट्टे! उठा, नाहीतर दुसऱ्या पंगतीत बसा लागन!"

झालं. भटजी 'शुभ मंगल' म्हणताहेत आणि मागचा अर्धा मांडव उठून जेवणाकडे चाललाय. मी कोठीतून बाहेर येऊन पाहते तो पत्रावळींवर माणसं बसलेली, काहींनी तर पाण्याचं मंडळही काढलेलं. आचारी कपाळाला हात लावून उभा. "बाई, भात नाही झाला नं अजून! कोनं बसवलं यायले?"

"उठा हो! अजून सावधान व्हायचंय!"

"होऊन राहिलं नं तिकडं," मामा म्हणाले. "आमी इथूनच अक्षता टाकतो."

मी तरातरा मांडवात शिरले. पुंडलिकरावांची फ्लॅशगन धूर सोडत होती. नवरदेवाची आजी खुर्चीत बसल्या बसल्या त्या पापडाचा तुकडा मोडून चावत होती. तिने शांतपणे निकाल दिला: "मीठ कमी हाये."

माझ्या पापडात! मीठ कमी!

मी पुंडलिकरावांचा दंड धरला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "वयनी, चूप. तिकडं पाहा."

त्यांना मांडवाचं भान नव्हतं. ते अंतरपाटाकडे पाहत होते. पेट्रोमॅक्स नवरदेवाच्या बाजूला होता. तो डोळे दिपवणारा उजेड अंतरपाटावर पडून, कापडातून गाळून, पलीकडे उभ्या असलेल्या नवरीच्या चेहऱ्यावर येत होता. कुसुमची मुलगी सावळी, नाकाने जरा बसकी, दिवसभराच्या उपासाने दमलेली. ते सगळं दिसत होतं. आणि इतकी गोड दिसत होती ती, की मी रागावायचं विसरले.

"बल्बाच्या तोंडाले बांधाचंच नाही काही," पुंडलिकराव कुजबुजले. "दूर धराचं. हातभर दूर. म्या येड्यानं अंतरपाट नवरदेवाच्या नाकालेच बांधला होता!"

अमरावतीला परतल्यावर त्यांनी सामान मागितलं आणि या वेळी मी व्यवस्थित यादी करून दिलं. भरतकामाची लाकडी रिंग माझी. मलमल माझ्या जुन्या साडीची; कडा मी दुमडून शिवल्या. मोडक्या छत्रीच्या काड्या त्यांच्या. त्या काड्या फ्लॅशगनला बांधून पुढे हातभर अंतरावर मलमलीची रिंग उभी केली. ते प्रकरण माशा पकडायच्या जाळ्यासारखं दिसत होतं, पण संत्र्याने ते पसंत केलं. पुंडलिकरावांनी त्याला नाव ठेवलं, अंतरपाट.

सुमतीला तयार करायला मला बोलावं लागलं नाही. तिने ते जाळं पाहिलं, संत्र्याची हकिकत ऐकली, आणि आपणहून वेणी घालून स्टुलावर येऊन बसली. पण बसली ती ताठ. ओठ मिटलेले.

"गाल सोड, पोरी."

"सुटत नाहीत, काका. मी काही तुमचं संत्रं नाही."

"संत्रं बरं होतं. एवढी भाव नाही खात."

सुमती हसली आणि फट्ट झालं.

फोटो धुऊन आला तो आम्ही तिघांनी खिडकीत उभं राहून पाहिला. वण होते. जिथे होते तिथेच होते. पण फोटो हातात घेतल्यावर नजर आधी हसण्यावर जाई, मग डोळ्यांवर, मग वणांवर, आणि परत हसण्यावर. आणि डोळे उघडे होते! पुंडलिकरावांच्या फोटोत उघडे डोळे आमच्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिले.

मी व्यवहारी बाई. माझ्या मनात आलं, आता पाठवावा की न पाठवावा? सुमतीने माझ्या हातातून काढून घेतला आणि पाकिटात घातला. "हाच जाईल." कचेरीत त्यावर शिक्का कोणी आणि कसा टेकवला असेल, ते सांगायला नको.

वैशाखात अकोल्याची मंडळी आली. तीच बैठक, तेच पोहे. पुंडलिकराव कोपऱ्यात टोपी हातात घेऊन बसले होते आणि तिची घडी घालत होते, उलगडत होते. मुलाच्या आईने पिशवीत हात घातला. फोटो बाहेर आला. बाईंनी फोटोकडे पाहिलं, सुमतीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. कोणी चमचासुद्धा हलवत नव्हतं.

मुलगाच अवघडला. "आई, काय पाहून राह्यली एवढं? फोटोत हाये तशीच तं हाये."

"म्हनूनच पाहून राहिली," बाई म्हणाल्या. "असं कधी होत नाही."

पुंडलिकरावांनी टोपी डोक्यावर घातली. ती उलटी होती, पण त्या दिवशी कोणी सांगितलं नाही.

लग्न अमरावतीलाच झालं. पुंडलिकराव दिवसभर अंतरपाट खांद्यावर घेऊन मांडवात फिरत होते. "हलू नोका, गाल सोडा!" निघायची वेळ झाली, सामान टांग्यात चढलं, आणि एकच बल्ब उरला.

"हा कोणाचा?" सुमतीने विचारलं.

"तुमचा. दोघं उभे राहा."

"आमचे खूप झाले. काका, तुम्ही बसा."

"मंग खटका कोन दाबन? तुमचा..."

"मी दाबीन," सुमती म्हणाली. शालू, मुंडावळ्या, हातभर बांगड्या, आणि तिने त्यांच्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतला. पुंडलिकराव एकदम उघडे पडल्यासारखे दिसले. त्यांना खुर्चीवर बसवलं तर हात कुठे ठेवावेत ते कळेना. एकदा मांडीवर ठेवले, एकदा घडी घातली, मग लेंग्याची इस्त्री नीट केली. आयुष्यभर दुसऱ्यांना बसवणारा माणूस, आणि बसता येत नव्हतं.

"गाल सोडा, काका."

मांडवात हशा पिकला. पुंडलिकराव हसले नाहीत. ते पुढे वाकले आणि अगदी हळू, जवळ उभ्या असलेल्या मलाच काय ते ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "वन दिसतीन काय, पोरी?"

सुमतीने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. "दिसतील की," ती म्हणाली. "माझे दिसले तेवढेच."

त्यांनी एक सुस्कारा सोडला, आणि त्याबरोबर गालही सुटले. फट्ट झालं. शेवटचा बल्ब.

जावईबापूंनी रोल मागून घेतला. अकोल्याला धुऊन घेतो, म्हणाले. टांगा गेला. पुंडलिकरावांनी तो विझलेला बल्ब काढला, गरम होता म्हणून हातरुमालात धरला, आणि फळीवर नेऊन ठेवला. हा कोणाचा, ते आम्ही विचारलं नाही.

पुढे काही दिवसांनी एका संध्याकाळी आमच्या दाराची कडी वाजली. पाहते तो पुंडलिकराव. कठड्यावरून नाही, दारातून. चपला बाहेर काढून.

"वयनी, फोटो आला."

त्यांच्या तोंडून 'फोटो' आणि 'आला' हे एकत्र ऐकलं की पुढचं मला माहीत होतं. "कोणाचा परत आला?"

"परत नाही आला," ते म्हणाले. "आला."

मग ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं. दुपारची थैली टेबलावर रिकामी केली. त्यात एक पाकीट हाताला लागलं, अकडणारं. फोटो आहे हे बोटांना कळलं. सवयीप्रमाणे पाठीमागे कोपऱ्यावर हलकेच शिक्का टेकवला. मग कोणत्या वाटेचं ते पाहावं म्हणून उलटं केलं, तर पत्त्यावर सुमतीचं अक्षर आणि त्यांचंच नाव.

"एवढी वर्सं पाकिटं पाहून राह्यलो," ते म्हणाले. "आपल्या नावाचं बी येते, हे ध्यानातच नव्हतं."

त्यांनी फोटो माझ्या हातात दिला. वण होते, जिथे होते तिथेच. ओठ हसायच्या बेतात. आणि डोळे मिटलेले. जन्मभर दुसऱ्यांना रागावले, आणि स्वतःच्या वेळी अगदी बारशाच्या मंडळींसारखे मिटले होते. पण थंडीच्या सकाळी उन्हाला बसलेला माणूस मिटतो तसे.

"डोळे मिटले हो तुमचे," मी म्हटलं.

"मिटू द्या," ते फोटोकडे बघत म्हणाले. "उजेड मऊ हाये."

चहा झाला. ते उठेनात. मी आत जाऊन निखाऱ्यावर एक पापड भाजला आणि बशीत घालून पुढे ठेवला. पुंडलिकरावांनी तो सवयीने उचलला, दाराच्या उजेडात धरला, मागे बोटं हलवून पाहिली. भाजलेल्या पापडातून काही दिसत नाही. त्यांनी क्षणभर विचार केला, मग कडेचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"मीठ?" मी विचारलं. अकोल्याची ती आजी माझ्या अजून मनात होती.

"बराबर हाये," पुंडलिकराव म्हणाले, आणि सगळा पापड त्यांनी तिथेच बसून संपवला.